बाई उत्तर सांगत नसत

टाचणीला व्हायोलिनच्या वर्गात घालण्यात तिच्या आईचा काय फायदा होता, ते आधीच सांगितलेलं बरं; नाहीतर उद्या कुणीतरी तिच्यावर कलेच्या प्रेमाचा आळ घ्यायचं. आईला हव्या होत्या आठवड्यातल्या दोन दुपारी. शाळा सुटल्यापासून कारखाना सुटेपर्यंत मुलीला ठेवायचं कुठे, इथे तिचं घोडं रोज अडायचं. कारखान्यातल्या तपासणीच्या टेबलाखाली मुलीला बसवायला सुपरवायझरची ना नव्हती. पण त्याच्या 'ना नाही'लाही एक तोंड होतं, आणि ते दिवसेंदिवस वाकडं होत चाललं होतं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर संगीतशाळा होती. फी नव्हती, दाराला कडी होती आणि आत एक जबाबदार बाई होत्या. आईने एवढंच पाहिलं. आत गिटार शिकवत असते किंवा गणित, तरी तिने मुलीला तिथेच घातलं असतं.

व्हायोलिनच्या बाईंचाही फायदा होताच. मुलं कमी पडली तर वर्ग बंद करून ती खोली वाचनालयाच्या जुन्या मासिकांना देऊन टाकू, असं वरून दोनदा सांगून झालं होतं. खुर्चीवर बसेल असं एक मूल त्यांना पाहिजे होतं. मामाचाही होता. हा आईचा धाकटा भाऊ, यांच्याकडेच राहायचा आणि इस्पितळात लिफ्ट चालवायचा. सुपरवायझरचं तोंड फारच वाकडं झालं की पोरगी त्याच्या गळ्यात पडायची; आठवड्यातून दोनदा तरी त्याची ड्युटीआधीची झोप आता शाबूत राहणार होती. वडील होते कुठेतरी, पण हिशेबात धरण्यासारखे नव्हते.

टाचणीला काय मिळणार, हे कुणी विचारलं नाही. विचारलं नाही तेच बरं, कारण कुणी काही विचारलं की ती आधी स्वतःचे हात बघायची.

नाव मामाने ठेवलेलं. अंगाने बारीक, नाकाने टोकदार, आणि कुठेही ठेवली तरी सापडायची नाही अशी. हात बघायची सवय मात्र आईकडून आलेली.

आईचं काम होतं तयार शर्ट तपासण्याचं. दिवसभर तिच्या टेबलावर शर्ट यायचे. कॉलर, बाही, काज, टाके, सगळं ती डोळ्यांत तेल घालून बघायची. शर्ट चांगला असेल तर काही बोलायची नाही. तो घडी होऊन पुढे जायचा. वाईट असेल तर मशीनवरच्या बाईला हाक मारून दोनच शब्द विचारायची, "हे काय?" त्या दोन शब्दांचं उत्तर कुणी देत नसे. शर्ट उचलायचा, मान खाली घालायची, उसवायचं आणि पुन्हा शिवायचं. पास झालेल्या शर्टाबद्दल त्या कारखान्यात आजवर कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी आई घरी यायची ती हेच काम अंगावर घेऊन. भाजी चांगली झाली असेल तर घरात कुणी बोलायचं नाही. अभ्यास नीट असेल तर वही मिटली जायची. "हे काय?" आलं की टाचणी कुठे चुकलंय ते न विचारताच दुरुस्त करायला धावायची. कधीकधी चुकलेलं नसायचंही. आईला खरोखरच जाणून घ्यायचं असायचं की वहीत हे काय चिकटवलंय. तोवर टाचणीने ते पान फाडलेलं असायचं.

तर अशी ही मुलगी बाईंच्या हातात पडली.

पहिले काही दिवस बाईंनी तिला काहीच विचारलं नाही. व्हायोलिन हनुवटीखाली कसं धरायचं, गज कसा पकडायचा, कोपर कुठे ठेवायचं, एवढं दाखवलं आणि सोडून दिलं. ते दिवस टाचणीच्या जन्मातले सर्वांत चांगले. गज तारेवर टेकला की आवाज कानात यायच्या आधी जबड्यात यायचा. व्हायोलिन शाळेचं, पण वर्षभर घरी न्यायला मिळायचं. खोक्याची पट्टी खांद्यावर टाकून ती रस्त्याने जायची तेव्हा तिची चाल बदलायची. ते खोकं तिच्यापेक्षा जाड होतं.

आणि एक गोष्ट तिला तिची तिला सापडली. व्हायोलिनच्या पट्टीवर बोट कुठे ठेवायचं याच्या खुणा नसतात. जागा कानानेच शोधावी लागते. एका सुट्टीच्या दुपारी घरी वाजवताना तिसरं बोट एका जागी पडलं आणि शेजारची मोकळी तार, जिला गज लागलाही नव्हता, ती आपोआप थरथरायला लागली. टाचणीने बोट जरासं सरकवलं. थरथर थांबली. परत आणलं. परत सुरू. शेजारणीने भिंतीवर टकटक करून 'हो, हो' म्हणावं तसं. तिने हे कुणाला सांगितलं नाही. पण मग ती दुपारभर शेजारणीचं 'हो' मिळवत बसली, आणि स्वयंपाकघरात आई काही बोलली नाही. टाचणीला कळलं, माल पास आहे.

मग बाईंनी विचारायला सुरुवात केली.

बाईंची ख्याती त्यांच्या प्रश्नांवर होती. त्या उत्तर सांगत नसत. कधीच नाही. मुलाने वाजवलं की त्या मान किंचित कलती करायच्या आणि विचारायच्या, "काय ऐकू आलं तुला?" किंवा, "ते बोट वर पडलं, की खाली?" किंवा नुसतं, "नक्की?" चुकलं तरी हेच, बरोबर आलं तरी हेच. चेहरा असा की त्यावर माशी बसली तर तिलाही काही कळू नये. दुसऱ्या शाळांतले शिक्षक त्यांचा वर्ग बघायला यायचे, मागच्या बाकावर बसून लिहून घ्यायचे. मुलं मात्र पाठीमागे त्यांना 'उलटतपासणी' म्हणायची.

बाईंनी हे मौजेखातर काढलं नव्हतं. त्यांचे स्वतःचे मास्तर सगळं सांगायचे. "वर." "खाली." "गाढव." वीसेक वर्षांच्या बाई पहिल्यांदा एकट्या मंचावर उभ्या राहिल्या, तेव्हा मास्तर जाऊन महिना झाला होता. वाजवताना त्यांची मान पुनःपुन्हा पडद्याकडे वळायची. आपण बरोबर आहोत की नाही हे सांगायला तिथे कुणी नव्हतं. त्या दिवशी त्यांनी ठरवलं की आपल्या हाताखालच्या मुलाची मान अशी कधी वळायची नाही. हेतूबद्दल त्यांना शंभरपैकी शंभर गुण द्यायला हरकत नाही.

तर टाचणीने वाजवलं. तिसरं बोट पडलं, शेजारची तार थरथरली. बाईंनी मान कलती केली.

"बोट वर पडलं, की खाली?"

टाचणीने आधी हात बघितले. तार तर 'हो' म्हणत होती. पण तार ही तार. बाई म्हणजे बाई. चांगल्या शर्टाबद्दल कोण विचारतं?

"वर," ती म्हणाली. काहीतरी म्हणायला हवंच होतं.

बाईंची भुवई हलली नाही, पण आत काहीतरी हललं असावं. "असं? मग कुठे पडायला हवं?"

टाचणीने बोट खाली सरकवलं. थरथर बंद पडली.

"आता?"

अजून विचारताहेत म्हणजे अजून चुकलेलं आहे. तिने बोट आणखी खाली घेतलं. आता जो आवाज आला, त्याने खिडकीतलं कबूतर उडालं.

बाईंनी मनात नोंद केली: हिचा कान अजून झोपलेला आहे. जागा करायला हवा. आणि कान जागा करायचा त्यांच्याकडे एकच उपाय होता, आणखी प्रश्न.

घरी मामाला हे भारी वाटलं. "वर की खाली? असं विचारते? अगं, मी रात्रभर हेच विचारतो लोकांना! वर की खाली, वर की खाली. मला कोणी सर म्हणत नाही."

"तुला लोक सांगतात तरी कुठे जायचं ते," आई शर्टाचं बटण लावत म्हणाली. घरी येऊनही तिचा हात बटणावरच.

"आणि नाही सांगितलं तर मी काय करतो? वर नेतो. वर गेलं की माणूस आपोआप बोलतो. टाचणे, तू पण दर वेळी 'वर' म्हण. अर्ध्या वेळा तरी बरोबर येईल."

"तिला आणखी शिकव तू," आई म्हणाली. पण ओठांच्या कोपऱ्यात हसलीही.

टाचणी हसली नाही. तिने मामाचा सल्ला घेतला.

वर्गात तिच्या बरोबरीची आणखी एक मुलगी होती, दातांच्या डॉक्टरांची. तिचं गणित वेगळं होतं. तिच्या घरी जेवताना बाप विचारायचा, समुद्राचं पाणी खारट का? आणि काहीही उत्तर दिलं तरी, दातांचा डॉक्टर असूनही, चॉकलेट द्यायचा. त्यामुळे प्रश्न आला की ती पोरगी खुर्चीत सरसावून बसायची. "वर. नाही नाही, खाली. थांबा हं बाई, मधेच कुठेतरी!" कान तिचा बेताचा, बोटं आळशी, पण तोंडाला विश्रांती नाही. बाई प्रश्न विचारायच्या, ती चार उत्तरं द्यायची, त्यातलं एक लागायचं. बाईंना तिच्यात मास्तरांपासून सुटलेलं स्वतंत्र मन दिसायचं. कधीकधी ती चक्क म्हणायची, "मला काय माहीत? तुम्ही बाई आहात, तुम्ही सांगा ना!" आणि उत्तर न सांगणाऱ्या बाई तोंडावर हात ठेवून हसायच्या.

वर्ष असंच सरकत गेलं. घरी टाचणीचं वाजवणं सुधारत होतं आणि वर्गात बिघडत होतं, आणि दोन्ही ठिकाणी असणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे ती स्वतः. घरी कुणी विचारत नव्हतं, म्हणून शेजारची तार 'हो' म्हणायची. वर्गात पहिला सूर खरा लागायचा, मग प्रश्न यायचा, मग ती तो खरा सूर उसवायची आणि खोटा शिवायची.

वर्षाच्या शेवटी बाहेरून परीक्षक यायचे. ते ऐकायचे आणि ठरवायचे की कुणी पुढे जायचं. मुलं वाढली की त्यांना पुढच्या मापाचं व्हायोलिन लागतं, आणि त्या वर्षी पुढच्या मापाचं एकच मोकळं होणार होतं. टाचणी आणि डॉक्टरांची मुलगी, दोघींचेही हात आता आधीच्या व्हायोलिनवर मावत नव्हते. ज्या मुलीला ते मिळणार नाही तिने जुनं परत करायचं आणि वर्गही सोडायचा. नुसत्या हातांना शिकवायची सोय तिथे नव्हती. डॉक्टरांनी मुलीला सांगून टाकलं होतं, नाही मिळालं तर विकत घेऊ. टाचणीच्या घरी असं काही सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून कुणी काही सांगितलं नाही. तिचं तिला ठाऊक होतं. हे मिळालं तर व्हायोलिन राहील. नाहीतर परत टेबलाखाली.

परीक्षेच्या महिन्याभर आधी बाईंनी आईला बोलावणं पाठवलं. आई कामाचा एप्रन घडी करून पिशवीत घालून आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

"बाई, कसं चाललंय हिचं?"

बाईंची मान कलती झाली. सवय ती सवय. "तुम्हाला काय वाटतं?"

आईने मनात म्हटलं, म्हणजे पोरीने काहीतरी केलंय. "घरी तरी काही त्रास नाही तिचा," ती घाईने म्हणाली. "वस्तू जपून वापरते. खोकं रोज पुसते. काही मोडलंय का?"

"नाही, नाही. मोडलेलं काही नाही. मी विचारतेय, ती घरी वाजवते तेव्हा तुम्ही काय म्हणता?"

"मी?" आईने ताठ बसून सांगितलं, कारण हे सांगताना तिला अभिमान होता. "मी काही म्हणत नाही. वर्षभरात एक शब्द बोललेली नाही मी."

यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र तिने आयुष्यात कुणाला दिलं नव्हतं.

बाईंनी एक सुस्कारा सोडला. घरी लक्ष देणारं कुणी नाही, हे त्यांच्या मनात पक्कं झालं. "बरं," त्या म्हणाल्या. "तिच्याशी थोडं बोलत जा. विचारत जा तिला. मुलांना विचारलं पाहिजे."

"विचारते," आई म्हणाली. आणि तिने शब्द पाळला. घरी येऊन पिशवी खाली ठेवायच्या आत विचारलं, "काय केलंस गं तू तिथे?"

"काही नाही."

"मग बाईंनी बोलावलं कशाला मला? उगाच कोण बोलावतं? चांगलं चाललेलं असलं की कुणी बोलावतं का?"

टाचणीचंही मत हेच होतं. त्या दिवसापासून आई स्वयंपाकघरातून विचारू लागली, बाईंनी सांगितलं म्हणून, मनापासून. "आत्ता काय वाजवलंस? हे असंच असतं का?" घरातली शेजारणीची टकटकही मग कमी झाली. दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता एकाच रोग्याला एकच औषध दुप्पट द्यावं, तसलाच हा प्रकार; आणि दोन्ही डॉक्टर प्रेमळ.

सुटकेची एक वाट निघाली होती. ती काढली डॉक्टरांच्याच मुलीने. जिना उतरता उतरता ती सहज म्हणून गेली.

"ए टाचणे, तू दर वेळी बदलतेस का गं?"

"बाई विचारतात ना."

"अगं वेडे, त्या बरोबर असलं तरी विचारतात! माझं बरोबर आलं तेव्हापण विचारलं होतं. त्यांचं तोंडच तसं आहे."

टाचणी पायरीवर थांबली. बरोबर असलं तरी विचारतात. असं कुणी कशाला करेल? पण ती घरी जाऊन विचार करत राहिली आणि तिला आठवत गेलं. तार थरथरायची, मग प्रश्न यायचा. दर वेळी आधी तार, मग प्रश्न. तारेचं खरं असेल तर? रात्री ती नीट जेवली. मामा म्हणाला, "आज काय, परीक्षा पुढे ढकलली का?"

पुढच्या तासाला तिने वाजवलं. तिसरं बोट पडलं, तार थरथरली, आणि बाईंची मान कलती झाली.

"वर पडलं, की खाली?"

टाचणीने हात बघितले नाहीत. "बरोबर पडलं," ती म्हणाली. आवाज एवढासा, पण म्हणाली.

बाईंच्या जीवात जीव आला. सबंध वर्ष त्या ज्याची वाट बघत होत्या ते झालं होतं. मूल स्वतः बोललं होतं! हातातली पेन्सिल खाली ठेवून त्या पुढे झुकल्या. आता फक्त एकच पायरी उरली होती, मुलीने का ते सांगायचं, शेजारची तार थरथरते हे तिच्या तोंडून यायचं. मग कान जागा झाला म्हणायला हरकत नव्हती. आनंदाने त्यांचा स्वर नेहमीपेक्षा जास्तच धारदार निघाला.

"नक्की? कशावरून?"

हा 'कशावरून' टाचणीने याआधी ऐकला होता. मशीनवरची एखादी बाई कधीमधी आईला उलटून म्हणायची, "चांगला आहे की शर्ट." तेव्हा आई अशीच पुढे झुकायची आणि म्हणायची, "कशावरून?" पुढे काय व्हायचं ते टेबलाखालून सगळं दिसायचं.

"नाही," टाचणी म्हणाली. "चुकलं. खाली हवं होतं."

बाई मागे टेकल्या. त्यांनी पेन्सिल पुन्हा उचलली. एक वाक्य त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मागच्या बाकावर त्या दिवशी दोन पाहुणे शिक्षक बसले होते, आणि त्यांच्यासमोर वीस वर्षांचा नेम मोडायचा म्हणजे काय? एका सुरासाठी? त्यांनी विचारलं, "मग दाखव, किती खाली?"

त्यानंतर टाचणीने तारेचं मनावर घेणं सोडलं.

परीक्षेचा दिवस आला. परीक्षक म्हातारे, सर्दी झालेले, थर्मासमधून चहा ओतून घेणारे. सकाळपासून मुलं ऐकून कंटाळलेले. डॉक्टरांच्या मुलीने एक लहानसं काहीतरी वाजवलं. अधूनमधून घसरली, घसरली की स्वतःच "अरेच्चा" म्हणाली आणि पुढे गेली. परीक्षक हसले. ठीक आहे, असं त्यांचं तोंड झालं. मग टाचणी उभी राहिली. बाई भिंतीपाशी बसल्या होत्या. परीक्षा चालू असताना शिक्षकांनी बोलायचं नाही, असा तिथला दंडक होता. बाईंना तो जड गेला नसावा.

खोलीत कुणी काही विचारत नव्हतं. परीक्षक नाक पुसत होते. टाचणीने गज टेकला आणि सुरुवात केली. कुणी विचारणार नाही असं बोटांना वाटलं असावं. ती घरातल्यासारखी पडायला लागली. दुसऱ्या ओळीत तो लांब सूर येतो तिथे तिसरं बोट पडलं आणि शेजारची तार अशी थरथरली की खिडकीशी उभ्या असलेल्या वाचनालयाच्या शिपायानेही मान वळवली. परीक्षकांनी रुमाल खिशात घातला. टाचणी शेवटपर्यंत गेली. गज खाली आला.

म्हातारे गृहस्थ थोडा वेळ काही बोलले नाहीत. तेवढा वेळ टाचणी पास होती.

मग त्यांनी कप बाजूला ठेवला. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना काही ऐकायचा लोभ सुटला होता. "बाळ," ते म्हणाले, "ती दुसरी ओळ पुन्हा एकदा वाजवतेस का?"

टाचणीने आपले हात बघितले.

तिने दुसरी ओळ वाजवली. लांब सूर आला तिथे तिने बोट खाली सरकवलं.

परीक्षक गोंधळले. "असंच वाजवायचं होतं का तुला?"

तिने आणखी एकदा वाजवलं. या वेळी वर. मामाचा सल्ला; अर्ध्या वेळा तरी येईल. तो अर्धा आज आला नाही. मग न विचारताच तिने तिसऱ्यांदा वाजवलं, आणि त्या सुराला धड वरही म्हणता येईना आणि खालीही.

"पुरे, पुरे," म्हातारे मायेने म्हणाले. बाईंकडे वळून हळूच म्हणाले, "पहिल्यांदा लागून गेलं बहुतेक. कधी कधी होतं असं मुलांचं. कान नाही, पण नशीब होतं." आणि थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं.

बाई बोलू शकल्या असत्या. परीक्षा संपली होती. पण त्या टाचणीकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोक्यात पूर्ण वर्ष उलटं फिरत होतं. दर तासाचा पहिला सूर, मग प्रश्न, मग दुसरा सूर. त्यांचा स्वतःचा कान पहिल्या दिवसापासून जागा होता. त्यांनी प्रत्येक पहिला सूर ऐकला होता. प्रत्येक वेळी त्यांना ठाऊक होतं. तोवर परीक्षकांनी डॉक्टरांच्या मुलीचं नाव सांगून टाकलं होतं आणि ते टोपी शोधत होते.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी टाचणीला गाठलं. ती भिंतीला टेकून खोक्याची कडी लावत होती.

"का बदललंस?" बाईंच्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं. त्यांनी ओठ मिटले, पुन्हा उघडले, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा एका मुलाला उत्तर सांगितलं. "पहिल्यांदा वाजवलंस ते बरोबर होतं. अगदी बरोबर. वर्षभर बरोबरच होतं, बाळा."

टाचणीने मान हलवली. बाईंना वाटलं, पोचलं.

पोचलं होतं, पण वेगळंच. कारखान्यात ज्या दिवशी एखाद्या बाईला कामावरून कमी करतात, त्या दिवशी आई तिच्यापाशी जाते, खांद्यावर हात ठेवते आणि म्हणते, "चांगलं होतं गं तुझं काम." फक्त त्याच दिवशी म्हणते. टाचणीने हे टेबलाखालून कितीदा पाहिलेलं. तिने खोकं उचलून बाईंच्या हातात दिलं. बाईंनी अजून मागितलंही नव्हतं.

"अगं, थांब," बाई म्हणाल्या. "ऐक तर. तुला कळलं ना मी काय म्हटलं?"

"हो, बाई. चुकलं माझं," टाचणी म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

आई संध्याकाळी घरी आली. मामाने तिला दारातच खूण केली. तिने पोरीकडे पाहिलं, कोपऱ्यातली खोक्याची रिकामी जागा पाहिली, आणि विचारलं काहीच नाही. तिच्या मनात होतं की आज हिला बोलून त्रास नको. ताट वाढलं. टाचणीने त्या गप्प बसण्याचा अर्थ नेहमीचाच घेतला, आपलं व्हायोलिन गेलं हे सगळ्यांना योग्यच वाटतंय.

आता टाचणी दुपारी पुन्हा टेबलाखाली बसते. दुकानात सामान आणायला पाठवली आणि दुकानदाराने "एवढंच ना?" विचारलं, तर पिशवीतली एखादी वस्तू काढून परत ठेवते. शाळेत प्रार्थनेला ओठ हलवते. आवाज काढत नाही. शेजारच्या मुलीने एकदा विचारलं होतं, "तू गातेस का?"

कुणाचं किती गेलं ते पाहायचं तर पाहू. आईच्या दोन दुपारी गेल्या, आणि सुपरवायझरचं तोंड पुन्हा वाकडं झालं. मामाची झोप गेली. ती तो लिफ्टमध्ये उभ्याउभ्या भरून काढतो. परीक्षकांची एक सकाळ गेली. डॉक्टरांच्या मुलीला व्हायोलिन मिळालं आणि दोन महिन्यांत पोहायला जायचं म्हणून तिने ते परतही केलं. ते आता कपाटात आहे. बाईंची एक मुलगी गेली, तिच्या जागी दुसरी आली. नव्या मुलीला त्या कधीमधी "बरोबर" म्हणतात, पाहुणे नसतील तेव्हा. एवढं सगळं मोठ्या माणसांचं मिळून. बाकीचं सगळं टाचणीने भरलं, आणि आपण भरतोय ते आपल्याच चुकीचं आहे अशी तिची खात्री आहे. तेवढी एक गोष्ट तिला कुणी विचारली तरी ती बदलणार नाही.